चित्र क्रमांक एक

बासरच्या कॅम्पसमध्ये मंजुषा सकाळपासून लॅपटॉपशी झगडत होती. लेखाचा मजकूर पीडीएफमध्ये नीट बसत होता, पण फोटोपाशी येऊन सगळं अडत होतं. मोबाईलच्या फोटोचा फॉरमॅट त्या सॉफ्टवेअरला चालतच नव्हता. तिनं तो एका वेबसाइटवर जेपीजी करून घेतला, काम झालं समजून मूळ फोटो पुसून टाकला, आणि मग पाहिलं तर नवा फोटो टिकलीएवढा, धुरकट.

लेख नागपंचमीच्या भिंतीवरच्या चित्रांवर होता. तशी जुनी भिंत आता एकच उरली होती, बाजारहत्नूरला जयवंता आत्याच्या घरी. मागच्या आठवड्यात तिथं फोटो काढताना मंजुषानं तो लेखात छापून येणार असल्याचं आत्याला सांगितलं होतं. चित्रं आत्याच्या सासूनं काढलेली, आणि ती जाऊन वर्ष झालं होतं. लेख आज संध्याकाळपर्यंत कॉलेजात द्यायचा होता.

रडवेली होऊन तिनं फोन लावला. "आत्या, त्या भिंतीचा फोटो काढून आत्ताच्या आत्ता पाठव. नाहीतर माझं वर्ष गेलं."

"काऊन रडून राह्यली? पाठवते ना."

फोटो आला, तोही जेपीजी. पीडीएफ कुठंही न अडता तयार झालं.

पानावर पांढरीशुभ्र भिंत होती, आणि मोबाईलवर आत्याचा मेसेज: "आपलं घर छापून येनार म्हनून कालच चुना मारून घेतला."