चोरीचा मनीप्लांट

पूर ओसरला तेव्हा हेमलताबाईंचा मनीप्लांट चिखलात कुजून गेला होता. चार पिढ्यांचे फोटो, आवाज, वंशावळ, सगळं त्याच्या जनुकांत साठवलेलं. घरातलं बाहेर जायला नको, म्हणून त्यांनी कधी कुणाला साधी फांदी दिली नव्हती.

माडीवरच्या खोतवहिनी ओशाळत एक कुंडी घेऊन आल्या. "चोरून आणलेला चांगला लागतो म्हणतात. तुमचीच फांदी आहे. रागावू नका."

हेमलताबाईंनी एक पान जनुकं वाचणाऱ्या यंत्रात ठेवलं. आजोबा खोकले, मग बोलू लागले.

"गातातही सुंदर," वहिनी म्हणाल्या.

वेल वाढला तसा हेमलताबाईंनी तो कुंपणावरून रस्त्याकडे सोडला, आणि फांदी चोरून नेणाऱ्याला संकोच नको म्हणून खिडकी लावून घेतली.