विसर पडेल का

डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी दोनदा समजावून सांगितलं, तरी सटवाजी हो म्हणेना. दवाखान्याच्या कॉटवर त्याची बायको चतुरा छताकडे बघत पडली होती. भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं घर बसलं, त्यात लहानगी लेक सुकन्या गेली. त्यानंतर चतुराचं बोलणं हळूहळू बंद झालं. गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता. आता तर ती पाण्याचा घोटही गिळत नव्हती.

"धक्क्यानंच ही गत झाली म्याडम," सटवाजी म्हणाला. "आन् तुमी परत इजेचा शॉकच द्या म्हनायलात."

"भूल देऊन देतो, दादा. तिला कळणारही नाही. पण आता थांबलो तर ती हातची जाईल."

सटवाजी कॉटपासून जरा लांब सरकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "लोक म्हंतेत, शॉकनं इसर पडतो. लेकरू इसरंल का ही? फोटू बी न्हाई आमच्यापशी. समदं ढिगाऱ्यात गेलं."

बाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. "आजारपणातलं पुसट होईल. कधी आलो, कोण भेटायला आलं, ते. पोटची पोर विसरलेली बाई मी तरी अजून बघितली नाही."

"द्या मग," सटवाजी म्हणाला.

दोन-तीन शॉकनंतर चतुरा चमच्यानं पेज घेऊ लागली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती आपसूक उठून बसली.

"ह्ये कोन्तं गाव?"

"लातूर," सटवाजी म्हणाला.

"कवा आलो आपुन?"

त्यानं सांगितलं. तिला काहीच आठवेना. पुढचं विचारायची त्याची छाती होईना.

खिडकीखालून शिकवणीला निघालेल्या पोरींच्या सायकली घंट्या वाजवत गेल्या. चतुरानं कान दिला.

"सुकी बी सायकल मागत व्हती," ती म्हणाली. "लाल." आणि तिला हुंदका फुटला. भूकंपानंतर पहिल्यांदाच.

आवाज ऐकून सिस्टर धावत आली, मागोमाग डॉक्टरीणबाई. सटवाजी दारातच हात जोडून त्यांना आडवा आला. त्याचेही डोळे गळत होते.

"रडू द्या तिला म्याडम," तो म्हणाला. "लई उपकार झाले. पोरीसाठी रडायली."

आतून चतुराची हाक आली.

"अवं, या की इकडं. एकटीनं किती रडू?"