उन्हाची कौलं

देविदासनं पहिलं कौल उचकटलं तेव्हा खाली अख्खा तांडा जमला होता. ऊन रणरणत होतं. कौलावरची काच इतकी तापली होती की त्याला हाताला फडकं गुंडाळावं लागलं. तारा सोडवून त्यानं कौल खाली दिलं. तांड्याचा नायक भावसिंग यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि जपून भिंतीला टेकवलं.

"जपून काहून ठेवता, नायक?" देविदास वरून म्हणाला. "आता काय करायचं त्याचं?"

भावसिंगनं पुढच्या कौलासाठी हात वर केले.

हे छप्पर देविदासनं स्वतः घडवलं होतं. नांदेडला डिप्लोमा करून तो पुण्याच्या एका सोलरच्या कारखान्यात लागला होता. कडा उडालेले, टाकाऊ सेल मागून घेऊन तो कळमनुरीकडच्या आपल्या बंजारा तांड्यावर परत आला. आई रूपाबाई, त्याची याडी, एकटी होती, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पत्र्यावर बांधलेलं पॅनल वावटळीत उडून जातं. मग छप्परच सोलरचं का असू नये? त्यानं साच्यातून सिमेंटची कौलं पाडली, प्रत्येकात खाच ठेवून सेल बसवले, वर काच चिकटवली, घरात बॅटरी जोडली. पहिल्याच पावसाळ्यात घर गळलं. रूपाबाईनं घरभर भांडी मांडली, पण लेकाला एका शब्दानं बोलली नाही. त्यानं कौलांच्या कडा बदलल्या, एकीवर दुसरी चढेल अशा केल्या. उन्हाळा आला तसे सेल तापले आणि दिवा मंदावला. मग त्यानं सगळं उतरवून कौलांच्या खालून वाऱ्याला वाट ठेवली. २००४ च्या दिवाळीत दिवा लख्ख लागला आणि मग रोजच लागत राहिला. वाऱ्यामुळं घरही गार राहू लागलं.

दिवस मावळला की तांडा रूपाबाईच्या अंगणात जमायचा. बाया तिथं डाळ निवडत, म्हातारे रेडिओ ऐकत. एक पेपरवाला हिंगोलीहून आला, रूपाबाईला दारात उभी करून त्यानं फोटो काढला. उजळलं होतं एकच घर. बातमीत मात्र अख्खा तांडा उजळला.

तिथंच घात झाला. तांड्याला विजेची लाईन मंजूर होती. खांब कधी येतात म्हणून विचारायला भावसिंग वीजमंडळाच्या कचेरीत गेला, तर तिथल्या माणसानं तोच पेपर त्याच्यापुढं टाकला.

"तुमच्याकडं उजेड आहे की. खांब दुसऱ्या गावाला गेले."

त्या दिवशी अंगणात बैठक बसली. "मी समद्यांच्या घरावर कौलं बसवून देतो," देविदास म्हणाला.

"कवा?" भावसिंगनं विचारलं. "अन् त्याच्यावर हिरीची मोटर चालंल का?"

देविदासनं विहिरीकडं पाहिलं. मागच्या वैशाखात तांड्यातल्या पेमाची सून पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडून मेली होती. पेमा तिथंच भिंतीला टेकून बसला होता. देविदासला त्याच्याकडं बघवेना.

शेवटी रूपाबाईच म्हणाली, "उतरव ती कौलं."

भावसिंग पुन्हा कचेरीत गेला. पेपरवाल्यानं खोटं छापलं, आमी अंधारात हाव, येऊन बघा, असं हात जोडून सांगून आला.

कचेरीतले साहेब आले तोवर कौलं कडब्याच्या गंजीआड गेली होती आणि घरावर पुन्हा पत्रे चढले होते. साहेब नवे होते, वयानं देविदासएवढेच. जीपमधून उतरताच त्यांनी विचारलं, "सोलर कौलांचं घर कुठलं?"

"तसं घर न्हाई साहेब इथं," भावसिंग म्हणाला.

साहेबांनी पेपर उघडला. फोटोत रूपाबाई दारात उभी होती, आणि समोरही तीच उभी होती.

रूपाबाई पुढं झाली. "माजंच घर हाय साहेब. माज्या पोरानं काचा बसवल्या व्हत्या. येडं हाय ते. पेपरवाल्याला थापा मारल्या त्यानं. घर गळाया लागलं, म्हून काढून टाकल्या."

पाण्याला निघालेल्या बाया हसल्या. थाप खरी वाटायला कुणीतरी हसायला हवं होतं. देविदासनं आईकडं पाहिलं. ती साहेबांकडंच बघत होती. ओढणीचा काठ तेवढा तिच्या मुठीत चुरगळला होता.

साहेब हसले नाहीत. देविदासपुढं पेपर धरून त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "या कडा एकमेकींवर कशा चढवल्या तुम्ही? आणि खाली ही फट कशाला?"

इतक्या वर्षांत त्या कडांबद्दल देविदासला कुणी विचारलं नव्हतं. वाऱ्याची वाट, तापणारे सेल, सगळं त्याच्या ओठांवर आलं.

"मी मुद्दाम हेच बघायला आलोय," साहेब म्हणाले. "हे चालत असेल तर पुण्याला आमच्या वरच्या लोकांपुढं तुम्हाला उभं करतो. असं काम मी तरी कुठं पाहिलं नाही. खरं सांगा, लागत होता दिवा?"

"अन् खांब, साहेब?" भावसिंगनं मधेच विचारलं.

"दिवा लागत असेल तर खांब कशाला?" साहेब सहज म्हणाले.

बायांचं हसणं थांबलं. डोक्यावरच्या रिकाम्या घागरी हातांनी सावरत त्या देविदासकडं बघू लागल्या. पेमाही बघत होता. रूपाबाईनं तेवढी मान फिरवली.

देविदास साहेबांकडं वळला.

"याडी खरं सांगती, साहेब," तो म्हणाला. "थापाच मारल्या मी. त्याच्यावर एक दिवा कवाच पेटला न्हाई."