अकरा मिनिटांची पाहणी

डब्यात पन्नास काचपट्ट्या होत्या. भिंतींना भेगा होत्या बारा. ज्ञानदाने प्रत्येक भेगेवर एकेक पट्टी आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि मार्करने 1 ते 12 आकडे टाकले. अडतीस पट्ट्या उरल्या. तो डबा आणि प्लास्टरची पिशवी तिने एकनाथकाकांच्या कपाटात ठेवली.

"उरलेल्या कशाला गं?" काकांनी विचारलं.

"असू देत. चिकटवताना एखादी तडकली तर हाताशी हव्यात. लॅबच्या आहेत, मोजून परत द्यायच्यात."

"आणि चिकटवल्यावर फुटली तर?"

"काच ताणली जात नाही, काका. भेग केसभर सरकली तरी काच फुटते. फुटली तर सरकार खरं. नाही फुटली तर आपण."

काका मान तिरकी करून पट्टीकडे बघत राहिले.

चंदीगडच्या मनीमाजऱ्यातल्या त्या चार मजली इमारतीत सोळा घरं होती. जळगावहून आलेल्या काकांनी चौतीस वर्षं इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढले, निवृत्तीचा सगळा पैसा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घातला, आणि काकू गेल्यावर त्या खोल्यांखेरीज त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. मग एका सोमवारी दारावर नोटीस चिकटली. इमारत धोकादायक, सात दिवसांत रिकामी करा. अहवाल नाही, मोजमाप नाही, कोणाला एका शब्दाने विचारलेलं नाही.

"सात दिन में तो किरायेदार भी नहीं निकलता, बेटा," तळमजल्यावरच्या बलविंदर आंटी म्हणाल्या होत्या.

ज्ञानदाने गेटवरची वही चाळली. सरकारी अभियंता आत आला ११.०५ला, बाहेर पडला ११.१६ला. सोळा घरं, अकरा मिनिटं. तिने गणित केलं. एका घराला एक्केचाळीस सेकंद! एमएस्सीला साध्या लंबकाच्या प्रयोगालासुद्धा तिने याहून जास्त वेळ दिला होता. रागाने तिला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कांचन मॅडमचं वकिली ऑफिस गाठलं.

हायकोर्टाने सहा आठवड्यांची स्थगिती दिली. तिसऱ्या मजल्यावरची ज्योती मात्र तान्ह्या लेकीला घेऊन पंचकुल्याला भावाकडे गेली. "कोर्टाचं होऊ दे. तू पक्का सांगितलंस की मगच येईन," असं ज्ञानदाला बजावून गेली.

ज्ञानदा सेक्टर तीसमध्ये खोली घेऊन राहायची, त्यामुळे रोजची नोंद काकांकडे आली. सकाळी सातला, संध्याकाळी सातला, बाराही पट्ट्या. रविवारी ती स्वतः येऊन तपासायची.

दुसऱ्या रविवारी पाचव्या पट्टीवर 5 नव्हता, ५ होता.

"पुसलं गेलं होतं," काका म्हणाले. "धूळ पुसताना माझ्याच हातून. परत काढलं."

"पुसू नका ना, काका. प्रयोग आहे तो."

"बरं बाई. शास्त्रज्ञ म्हणतील तसं."

पुढच्या रविवारी सगळे आकडे नीट तिच्याच वळणाचे होते. दार उघडताना काकांची नखं पांढरी होती. "कणीक मळत होतो," ते म्हणाले. "बस, गरम पोळी खा." पोळ्या झकास झाल्या होत्या. बाराही पट्ट्या अखंड होत्या.

बेचाळीस दिवस, दिवसाला दोनदा, बारा पट्ट्या. एक हजार आठ नोंदी. प्रत्येकीपुढे काकांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता : अखंड.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील म्हणाले, "या नोंदी घेतल्या कोणी? रहिवाशांनीच ना?"

ज्ञानदा ताडकन उठली. कांचन मॅडमनी तिची ओढणी खेचली, तरी ती बोललीच. "माझ्या देखरेखीखाली घेतल्यात. तुमच्या फाइलीत एक तरी आकडा दाखवा!"

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा. इमारत मजबूत आहे की नाही, हे ठरवायला आम्ही इंजिनियर नाही. सरकारने निर्णय कसा घेतला, एवढंच आम्ही बघणार." मग ते सरकारी वकिलांकडे वळले. "अकरा मिनिटांत काय मोजलंत?"

वकिलांनी फाइल उलटी चाळली, सुलटी चाळली.

नोटीस रद्द झाली. रहिवाशांचं म्हणणं ऐका, रीतसर तपासणी करा, मगच काय ते ठरवा. मुदत चार महिने. तोवर कोणालाही घराबाहेर काढायचं नाही.

"जीत गए, साइंटिस्ट," कांचन मॅडम जिन्यावर म्हणाल्या. "तुम्हारे शीशों ने कमाल कर दी."

संध्याकाळी बलविंदर आंटींनी गेटवरच लाडू वाटले. ज्ञानदाने ज्योतीला फोन केला. "पक्का. या." तासाभरात टेम्पो आला. त्यातून पाळणा उतरला, मागोमाग ज्योती, तिच्या खांद्यावर झोपलेली लेक.

"तू म्हणालीस म्हणून आले हं," ज्योती म्हणाली.

"अभियंत्यावर नाही, काचेवर विश्वास ठेव," ज्ञानदा हसली.

काका लाडू हातात धरून उभे होते. त्यांनी तो खाल्ला नव्हता. "ज्योती, आजची रात्र तिकडेच काढली असतीस," ते म्हणाले. "थंडी फार आहे."

"भावाकडे किती दिवस राहू, काका?" म्हणत ती जिना चढू लागली. काकांनी पाळण्याचं एक टोक धरलं.

"काका, डबा घेऊन जाते," ज्ञानदा म्हणाली. "उद्या लॅबमध्ये मोजणी आहे."

"राहू दे गं. पुढच्या रविवारी ने."

"तुम्ही पाळणा घ्या. मी काढते."

ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. पाळणा वर गेला. तिने कपाट उघडलं. प्लास्टरची पिशवी रिकामी होती, चौकोनी घडी घालून ठेवलेली. तिने डब्याचं झाकण काढलं.

खाचा पन्नास होत्या. पट्ट्या शून्य.