मनस्वीला हवी असलेली गोष्ट

सुचिता बालग्रंथपाल होण्यासाठी शिकत होती. प्रॅक्टिकलसाठी ती ऐरोलीच्या एका बालवाचनालयात बसायची आणि कुठल्या मुलाला कसलं पुस्तक हवंय ते वहीत लिहायची. त्या दिवशी भुतांची सहा झाली, डायनासोरची चार. मग आठ वर्षांची मनस्वी टेबलाशी आली.

"ताई, अशी गोष्ट आहे का, ज्यात मुलगी आईला सगळं सांगते आणि आईला ते खरं वाटतं?"

सुचितानं पेन खाली ठेवलं. "काय सांगते गं ती मुलगी?"

मनस्वी दाराकडे बघत होती. तिथं एक माणूस तिची पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"चल मनू, निघू या."

"ती आज इथेच थांबेल," सभासदांच्या नोंदीतला नंबर मोबाइलवर टाकत सुचिता म्हणाली. "मी तिच्या आईला फोन करते."

"करा की," तो हसला. "तिनंच तर पाठवलंय मला."

मनस्वीनं सुचिताचा हात घट्ट धरला. "आईला नको ना, ताई. दर वेळी तीच मला यांच्याबरोबर पाठवते."

सुचितानं तिला आपल्या मागे घेतलं, टाकलेला आईचा नंबर पुसला आणि चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावला.