भाऊबीजेचा सामना

राकेशने कॅसेट काढली, जोरात फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दुसऱ्या फुंकरीला मात्र पडद्यावर रणगाडे उभे राहिले, ती जुनी किरकिरी धून सुरू झाली आणि मेघनाने बसल्या जागी टाळ्या पिटल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, पण हा आवाज ऐकला की अजून दहा वर्षांची होते.

लालबागच्या याच खोलीत बाबांनी हा टीव्ही गेम आणला होता. तेव्हापासून भाऊबीजेला ओवाळून झालं की बहीणभावांचा एक सामना ठरलेला. ज्याचे तीन रणगाडे आधी उडतील तो हरला. मेघना लग्न होऊन वडाळ्याला गेली तेव्हा पैजेत भर पडली. जिंकेल त्याच्याकडे गेम राहणार आणि पुढची भाऊबीजही त्याच्याच घरी होणार.

जिंकायचा नेहमी राकेशच. मेघनाचा रणगाडा भिंतींना धडका देत फिरायचा, तिच्या गोळ्या भलतीकडेच जायच्या. मग दर वर्षी बिचारी नवऱ्याला घेऊन लालबागला हजर. राकेशचा हा पराक्रम चाळभर सांगून झाला होता. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

यंदा त्याच्या बायकोने, दीपिकाने, त्याला चांगलंच टोचलं. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं आणि हे महाशय एकदाही गेलेले नाहीत. राकेशच्या ते मनाला लागलं. आपल्या घरी भावासाठी पाट मांडावा असं कुठल्या बहिणीला वाटत नाही? त्याने ठरवलं, यंदा हरायचं. तेही तिला पत्ता लागू न देता, कारण दादाने मुद्दाम सोडलं असं कळलं असतं तर तिने महिनाभर अबोला धरला असता.

ठरवणं सोपं होतं, हरणं महाकठीण निघालं. मेघना आज नेहमीपेक्षाही वाईट खेळत होती. राकेश तिच्या समोर जाऊन उभा राहिला तर तिने रणगाडा वळवून कोपऱ्यात नेला. तो कोपऱ्यात गेला तर ती भिंतीच्या विटा फोडत बसली. शेवटी तिच्या गोळ्यांमागे धावून धावून त्याने आपले तिन्ही रणगाडे कसेबसे उडवून घेतले. कपाळावर घाम आला, पण आतून तो भलताच सुखावला होता.

मेघना पडद्याकडे बघतच राहिली. मग घाईने म्हणाली, "हे नाय चालत, दादा. तीनपैकी दोन खेळू."

जिंकलेली असून पुन्हा संधी देते, केवढं मोठं मन पोरीचं! राकेशने लगेच नवा डाव लावला. दुसऱ्या डावात तो आणखी जिवावर उदार होऊन धावला आणि पुन्हा हरला. मेघनाचे डोळे भरून आले. दीपिकाने हसत तिच्या तोंडात करंजी कोंबली. पुढच्या वर्षी आम्ही सगळे वडाळ्याला, हे राकेशने दोनदा सांगितलं. मेघनाने मान हलवली.

निघताना गेमचा खोका मेघनाच्या नवऱ्याने, मयूरने उचलला. त्याला सोडायला राकेश जिन्यापर्यंत गेला. मेघना वर वहिनीचा निरोप घेत होती.

"काय मयूरराव, खूश झाली ना आमची बहीण?"

मयूरने खोका पायरीवर ठेवला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"दादा, काय केलंत हे? आमच्या भरल्या घरात दिवाळीभर तिचा पाय चुलीपुढून हलत नाय. माहेरी बसून आयतं जेवायचा हा एकच दिवस तिचा. घरी कॉम्प्युटरवर हाच गेम आहे, आमच्यापैकी कोणाचा रणगाडा ती दोन मिनिटं टिकू देत नाय. हरते ती फक्त तुमच्याकडून, लग्न झाल्यापासून, अगदी नेमाने."