उद्धवरावांचं पांढरं ग्रीस

कावळा काही शिवेना.

पिंडापुढं केळीच्या पानावर भात, भरलं वांगं, बुंदी, तंबाखूची पुडी, सगळं मांडून झालं होतं. इंद्रायणीच्या घाटावरच्या पिंपळावर कावळ्यांची सभाच भरली होती. एखादा उडायचा, खाली झेपावायचा आणि ऐन वेळी बिचकून पुन्हा फांदी गाठायचा.

"जीव कशात तरी अडकलाय," गुरुजी म्हणाले. "जवळच्या माणसांनी बोला काहीतरी."

गेलेले उद्धवराव चाकणच्या एका लाडू कारखान्यात फिटर होते. लातूरकडून आले, चिखलीत राहिले. त्या दिवशी पहिली शिफ्ट करून घरी आले, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत गेले.

त्यांची मुलगी दिव्या पुढं झाली. "बाबा, आईला मी अंतर देणार नाही. लग्न झालं तरी ती माझ्याजवळच राहील."

कावळे जागचे हलले नाहीत.

मग भिमाजी सरसावला. उद्धवरावांचा मशीनवरचा जोडीदार. "राव, तुमचा मोठा पाना माझ्याकडंच हाय. तुमी सगळा कारखाना हुडकला तवा मी गप बसलो. वहिनींकडं आणून देतो. आता या खाली."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. कावळ्याला हसू आलं नाही.

उद्धवरावांची बायको सोजराबाई नदीच्या अंगाला उन्हात उभी होती. मघाशी मांडवात कारखान्याच्या मालकांचं श्रद्धांजलीचं भाषण चालू होतं, तेव्हा सगळा जमाव तिकडं होता आणि पिंडापाशी ती एकटीच होती. नैवेद्याचा डबाही तिनंच आणलेला. त्याचं स्टीलचं झाकण हातात घेऊन ती उगाच उलटंसुलटं करत होती.

"वहिनी, ते ठेवा की खाली. त्याची तिरीप डोळ्यांवर येतीया," भिमाजी म्हणाला.

तिनं ऐकलंच नाही. अशा वेळी माणसाला आपले हात काय करतायत हेही कळत नाही. पुन्हा कोणी तिला टोकलं नाही.

कारखान्याचे मालक रणजीतशेठ चुळबुळत होते. निवडणुकीला उभं राहायचं होतं. इथून मोशीला आणखी एक दशक्रिया गाठायची होती. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आन् मोकळं करा सगळ्यांना."

"न्हाई," सोजराबाई म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. "ते सोता जेवल्याबिगर मी हलायची न्हाई."

ती हलणार नाही म्हटल्यावर शेठनाही हलता येईना. पिंड तसाच टाकून गेलेला उमेदवार लोकांनी बरोबर लक्षात ठेवला असता.

भिमाजी खाकरला. "शेठ, त्या ग्रीसचं असंल."

"कसलं ग्रीस?"

कसलं ते शेठना चांगलं ठाऊक होतं. लाडवाचा पाक ढवळणाऱ्या मशीनचं बेअरिंग बरोबर कढईच्या डोक्यावर होतं. पाक तापला की वरचं ग्रीस पातळ होऊन आत टपकायचं. आणि ग्रीस कुठलं, तर शेठच्या ट्रकांना लागायचं तेच, काळ्या बादलीतलं. उद्धवराव सांगून थकले. खाण्याच्या मशीनसाठी वेगळं पांढरं ग्रीस मिळतं, चुकून थेंब पडला तरी पोटाला बाधू नये असं बनवलेलं. ते आणा आणि बेअरिंगचं सील बदला, म्हणजे थेंबच पडणार नाही. शेठ म्हणायचे, "थेंबानं कोण मरतंय? माझा ट्रक कधी आजारी पडला का?" मग उद्धवराव बेअरिंगखाली पत्रा बांधायचे आणि दिवसभर पुसत बसायचे.

लाडू शाळांमधून वाटले जायचे. ते पाकिटांत भरायच्या कामावर सोजराबाईच होती. उद्धवराव गेले आणि पुसणारा हात गेला. पत्राही कोणीतरी सोडून ठेवला.

"भिमाजी, ही जागा हाय का बोलायची?"

"जीव हितं अडकलाय म्हटल्यावर जागा हीच की, शेठ. लाडवात ट्रकचं ग्रीस टपकतंय."

गर्दी जवळ सरकली. "पोरांच्या लाडवात ट्रकचं ग्रीस?" एका म्हातारीनं विचारलं, आणि कडेवरच्या नातवाला पदराआड घेतलं.

शेठनं घाम पुसला, फोन काढला आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "लाडवाचं मशीन बंद कर. व्हय, आत्ता. ती काळी बादली ट्रककडं ने. पांढरं ग्रीस आन् नवं सील बसल्याबिगर कढई तापवायची न्हाई." मग पिंडाकडं वळून हात जोडले. "उद्धवराव, चारचौघांत शब्द देतो. चुकलं आमचं."

सोजराबाईनं झाकण डब्यावर बसवलं आणि ती बाजूला झाली.

एक कावळा सरळ उतरला. पिंडाला चोच लावली, भाताचा घास घेतला. बाया रडू लागल्या. शेठच्या अंगावर काटा आला.

"बघा," भिमाजी डोळे पुसत म्हणाला, "मेल्यावरबी ओव्हरटाइम करून गेला माणूस."

शेठ भ्यायले होते, त्यामुळं शब्द पाळला गेला. सोजराबाई पुन्हा कामावर गेली तेव्हा मशीनपाशी पांढऱ्या ग्रीसचा डबा होता आणि कढईतला पाक स्वच्छ होता. तिनं तो वाकून पाहिला. घरी आली ती न जेवता झोपली.

रोज सकाळी ती गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवायची. कावळा येऊन खाईपर्यंत स्वतः पाणीही घ्यायची नाही. अंगानं पार उतरली.

"आई, आता कशाला हे?" दिव्या शेवटी म्हणाली. "बाबांची इच्छा पुरी झाली. तुझ्यासमोर जेवले ना ते?"

"इच्छा माझी व्हती गं," सोजराबाई म्हणाली. "ते तर भाषण चालू व्हतं तवाच आले व्हते, पान वाढल्या वाढल्या. मीच झाकण चमकवून त्यास्नी भरल्या ताटावरनं उठवलं."